सुजनीच्या कोपऱ्यातलं फूल

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आलोय... हसण्यासाठी. खरं तेच सांगतो. रविवारी चहा पिताना बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि प्रत्येक अनुभवाला एक कारण चिकटवून द्यायचो. उंदीर, वारा, ताप, दारू. मी पेशानं इंजिनिअर. सूतगिरण्यांची मशिनरी उभी करून द्यायची, ती चालू झाली की गावाला परतायचं. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतंच. सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं. या एका समजुतीवर माझी सगळी नोकरी झाली. करणी, बाहेरचं, भूतखेत यातलं काही मी कधी मानलं नाही. आज मानतो का, ते मला सांगता येणार नाही.

तरी लिहितोय. मला लिहायला सांगितलं गेलंय. कुणी, ते पुढं येईलच. यातली बाकीची नावं बदललेली आहेत, शकूचं बदललेलं नाही. तिनं बदलू दिलं नाही.

शकू, म्हणजे शकुंतला, माझी धाकटी बहीण. तिला हातकणंगल्याला दिलं होतं. ते लग्न का मोडलं ते सांगायची ही जागा नव्हे. एक ट्रंक आणि शिलाई मशीन घेऊन ती कोल्हापूरला, राजारामपुरीतल्या आमच्या घरी आली आणि जिन्याखालच्या खोलीत राहू लागली. ब्लाऊज, फॉल-पिको, झबल्यांवरची फुलं... गल्लीतल्या बायका तिच्याकडंच यायच्या. हातात कला होती. फावल्या वेळात जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायची, त्याही कुणी पाहत राहावं अशा. मी तिला कधी ‘जा’ म्हणालो नाही. पण आमच्या घरी राहतेय हे तिला विसरूही दिलं नाही. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागलाय.

नव्वदच्या दशकात, सोव्हिएत संघ फुटल्यानंतर, आमच्या कंपनीला उझबेकिस्तानात कामं मिळाली. तिकडं कापूस अमाप. बुखारा शहराबाहेरच्या एका गिरणीत मला दरवर्षी दोन-तीन महिने राहावं लागायचं. सुट्टीच्या दिवशी करायचं काय, म्हणून बाजारात फिरायचो. तिथं पहिला चापान घेतला. चापान म्हणजे त्यांचा पायघोळ अंगरखा. रेशमी इकतचा होता, जांभळा आणि पिवळा रंग एकमेकांत विरघळल्यासारखा. का घेतला ते सांगता येत नाही. आयुष्यभर सुताचा नंबर आणि पीळ बघितला होता, सुताचं पुढं काय होतं ते कधी बघितलंच नव्हतं.

मग सुझनी दिसली. आपल्याकडं जुन्या बायका अंथरुणावरच्या जाड चादरीला सुजनी म्हणतात, तोच शब्द. त्यांची सुझनी म्हणजे भिंतभर भरतकाम. लालभडक मोठी फुलं, भोवती काळपट हिरवी पानं. मुलगी जन्मली की घरातल्या बायका तिच्या लग्नासाठी भरायला घेतात. कापडाच्या अरुंद पट्ट्या आधी कच्च्या टाक्यांनी जोडतात, त्यावर एक जाणती बाई शाईनं नक्षी काढते, मग पट्ट्या पुन्हा सुट्या करून घरातल्या बायकांत वाटतात. आई एक भरते, मावशी एक, आजी एक. शेवटी सगळं परत जोडतात. त्यामुळं जोडावर फूल बरोबर जुळत नाही, अर्धं एका हाताचं आणि अर्धं दुसऱ्या हाताचं असतं. मला ते न जुळणं फार आवडायचं.

त्या वर्षांत तिकडं लोकांच्या घरातलं असं सगळं बाहेर निघत होतं. आपल्याकडं दुष्काळात तांब्या-पितळेची भांडी निघायची, तसं. मी घेत गेलो. ‘आपण जपतोय, नाहीतर हे युरोपात गेलं असतं’, असं स्वतःला सांगत गेलो. दर खेपेला बॅग फुगलेली बघून बायको, वैशाली, म्हणायची, “लोक तिकडनं बदाम-पिस्ते आणत्यात. तुम्ही लोकांच्या घरातल्या चादरी आणा.”

आता ज्या सुजनीची ही गोष्ट आहे ती.

गिरणीचा ड्रायव्हर रुस्तम हिंदी सिनेमे बघून हिंदी शिकलेला. एकदा तो मला जुन्या शहरातल्या एका घरी घेऊन गेला. अंगण, अंगणात तुतीचं झाड, आणि आत एक पन्नाशीची बाई. रुस्तम तिला ‘ओपा’ म्हणत होता. ओपा म्हणजे ताई. तिनं पेटीतून सुजनी काढून अंथरली आणि मी बोलायचाच थांबलो. तशी मी पुन्हा बघितली नाही.

उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात मात्र एक फूल रिकामं होतं. शाईची रेघ तेवढी दिसत होती. एका पाकळीच्या कडेला चार-पाच टाके घातलेले, आणि तिथंच सुई टोचून ठेवलेली. सुईत लाल धागा ओवलेला, तसाच लोंबत होता.

त्या खोलीत भिंतीवर खिळ्याला एक रोटी टांगलेली होती. वाळून लाकडासारखी झालेली, एका बाजूनं घास घेतलेली. मी विचारलं तेव्हा रुस्तमनं सांगितलं, तिकडं घरातलं माणूस लांब जायला निघालं की रोटीचा एक घास खातं आणि उरलेली घरात टांगतात. माणूस परत येऊन ती संपवतं. ही ओपाच्या मुलीची होती. मुलगी कुठं गेली, कधी गेली, ते त्यानं विचारलं नाही. मीही नाही.

व्यवहार झाल्यावर ओपानं सुजनीची घडी घालता घालता हात थांबवला आणि काहीतरी म्हणाली. रुस्तम म्हणाला, “साब, बोलती है ये फूल कभी भरना नहीं. सुई भी निकालना नहीं. ये बेटी का है.”

मी म्हणालो, “हां, हां.”

तिला ते पुरलं नाही. तिनं आतून ताजी रोटी आणून माझ्यासमोर ठेवली आणि माझा हात धरून रोटीवर ठेवला. त्यांच्याकडं तसा शब्द देतात. मी पुन्हा “हां” म्हणालो. मला विमानाची घाई होती. तिची बोटं गार होती, एवढं लक्षात राहिलं.

हे मी कोल्हापुरात कुणालाही सांगितलं नाही. लपवायचं असं काही ठरवलं नव्हतं. सांगण्यासारखं वाटलंच नाही.

१९९९ च्या हिवाळ्यात मी प्रदर्शन भरवायचं ठरवलं. दसरा चौकाजवळ एक लहान सभागृह भाड्यानं घेतलं. कोल्हापुरात तालमी, गुऱ्हाळं, चपला, सगळं बघायला लोक येतात, उझबेकी भरतकाम कोण बघणार, असं मित्र म्हणाले. पण मुंबईचे एक जाणकार, जुन्या वस्त्रांतला मोठा माणूस, उद्घाटनाला यायला कबूल झाले होते. मला तेवढं पुरे होतं. ती सुजनी समोरच्या भिंतीवर, मध्यभागी लावायची होती.

आणि तो कोपरा माझ्या डोळ्यांत खुपायला लागला. मी कोल्हापूरचा, आमची माणसं मला ठाऊक. पहिला माणूसच म्हणणार, ‘काय पावणं, अर्धवट माल गळ्यात मारला की तुमच्या!’

मी शकूला बोलावलं. म्हणालो, “एवढं एक फूल भरून दे. जुनं दिसलं पाहिजे.”

तिनं कापड मांडीवर घेतलं. उलटी बाजू बघितली. धागा आडवा पसरून वरनं बारीक तिरपे टाके दाबत जायचं ते काम तिनं बघता बघता ओळखलं. मग सुईकडं बघत राहिली.

“दादा, ही सुई कुणाची?”

“कुणाची म्हणजे? राहिली असंल.”

“मुद्दाम ठेवली न्हाय न्हवं कुणी?”

“न्हाय गं. भरतीस का सांग.”

“भरतो की.” आमच्याकडं बायकाही असंच बोलतात. मग म्हणाली, “दादा, माझी एक वाकळ लाव की तिथं. कोपऱ्यात. नाव न्हाय लिहिलंस तरी चालंल.”

मी हसलो. “शके, ही काय जत्रा हाय व्हय?”

ती पण हसली. त्या हसण्याकडं मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

दोन दुपारी बसून तिनं फूल भरलं. इतकं बेमालूम की मला शोधावं लागलं. सुई काढून तिनं तिच्या डबीत ठेवली. सुजनी मी दिवाणखान्यात टेबलावर पसरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन तिथं गेलो तर फूल नव्हतं.

उसवलेलं होतं. धागा कापलेला नव्हता, तुटलेला नव्हता. सगळा एकसलग, शाईच्या रेघेवर गोल गोल ठेवलेला, वेटोळं घालून ठेवावा तसा. आणि तीच जुनी सुई, तिच्या जुन्या भोकात टोचलेली.

मी शकूला हाक मारली. ती आली, वाकून बघितलं. मी म्हणालो, “गाठ नीट मारली न्हवतीस.” गाठ सुटून असं होत नाही हे शिवणकामातलं काही न कळणाऱ्यालाही कळेल. मला सूत कळत होतं. तरी मी तेच म्हणालो.

तिनं परत भरलं. या वेळी मी सुजनी लगेच घडी करून सभागृहात नेली आणि भिंतीवर लावली. उद्घाटन शुक्रवारी होतं. गुरुवारी संध्याकाळी वैशालीनं शकूच्या हातून मांडामांड करणाऱ्या आम्हा सगळ्यांचा डबा तिकडं पाठवला. आम्ही जेवलो, मी कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात.

शुक्रवारी सकाळी कुलूप मीच उघडलं. बरोबर मंडपवाला होता, सभागृहाचा वॉचमन होता, माझे दोन मित्र, वैशाली, शकू. खुर्च्या लावायच्या होत्या. दिवा लावला आणि समोरच तो कोपरा. रिकामा. धागा तसाच वेटोळं घातलेला, पण आता कापड उभं टांगलेलं होतं, तरी ते वेटोळं खाली पडलं नव्हतं. हे मला नंतर आठवलं. त्या वेळी माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं होतं. काल संध्याकाळी डबा घेऊन इथं कोण आलं होतं? शकू. आम्ही जेवत असताना भिंतीपाशी कोण उभं होतं? शकू. आणि वाकळ लावायला कुणाला नाही म्हणालो होतो?

मशीन बंद पडलं की कारण असतं. मला कारण सापडलं होतं.

मी तिथं सगळ्यांसमोर म्हणालो, “तूच उसवलंस.”

“न्हाय, दादा.”

“माझं चांगलं झालेलं बघवत न्हाय तुला. घरात घेतलं, खोली दिली, आणि तू माझ्याच मुळावर उठलीस.”

“मी न्हाय उसवलं.”

“मग कोण, भूत आलतं?”

मंडपवाला हसला. मुद्दाम नव्हे, त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. वैशाली म्हणाली, “अहो, हळू.” शकूनं पदर खांद्यावर ओढून घेतला, एवढंच. रडली नाही. मी म्हणालो, “बस आत्ताच्या आत्ता आणि भर. दुपारला माणसं यायचीत.”

ती फरशीवर बसली. कोपरा खालचाच होता, तिच्या हाताला येत होता. मंडपवाल्याची माणसं तिच्या बाजूनं खुर्च्या ओढत होती. ती भराभर भरत होती. मी पाठीशी उभा होतो, शाळेत शिक्षक उभा असतो तसा. एका टाक्याला सुई तिच्या तर्जनीत शिरली. चांगली शिरली, टोक दुसऱ्या बाजूनं दिसलं. तिनं हात मागं घेतला नाही. ‘हाय’ सुद्धा म्हणाली नाही. सुई बोटातून ओढून पुढचा टाका घातला. बोटातून रक्त आलं ते तिनं बघितलं, दुसऱ्या कुणाचं बोट बघावं तसं.

मी काय केलं? मी कापडाला डाग पडला का ते बघितलं.

पडला नव्हता.

पाहुणे आले. हार-तुरे झाले. सभागृह अर्धंच भरलं होतं, पण मला ते पुरेसं वाटत होतं. मी सुजनीला पाठ करून बोलायला उभा राहिलो. शकू पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, हात मांडीवर. माझ्यासमोर, माझ्या नजरेत. हे मला नीट सांगायचंय. मी बोलत होतो तो सगळा वेळ ती तिथंच बसली होती. उठली नाही. सुजनीपाशी कुणीच गेलं नाही, कारण सुजनीपाशी मी होतो. बोलायला वळायच्या आधी मी शेवटचं बघितलं ते भरलेलं फूल. भाषण फार मोठं नव्हतं.

मध्येच शकूचा चेहरा बदलला. ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या पायांच्या मागं बघत होती. मी भाषण संपवून वळलो.

कोपरा रिकामा होता. सुई टोचलेली. धागा लोंबत होता, आणि तो हलत होता. पंखे बंद होते, थंडीचे दिवस होते.

मी आणि शकू सोडून बाकी कुणाला काही वेगळं दिसलं नाही. पाहुणे सुजनी पहिल्यांदाच बघत होते, त्यांना वाटलं तो कोपरा मुळातच तसा आहे; सकाळच्या माणसांना वाटलं शकूनं तो भरलाच नाही. मुंबईचे जाणकार पुढं आले, चष्मा वर करून वाकून त्या कोपऱ्याजवळ बराच वेळ थांबले. मग सरळ होत मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “वा! बरं झालं तुम्ही हे पुरं केलं नाहीत. दुसरा कुणी असता तर मोह आवरला नसता. हे फूल त्या बायका मुद्दाम सोडतात.”

लोक टाळ्या वाजवायला लागले. मी शकूकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती.

मी म्हणालो, “हो. मी तसंच ठेवलं. हात लावू दिला नाही कुणाला.”

एवढं आहे बघा. भुताटकी जी काय म्हणायची ती याच्या आधीच झाली होती. पण मला रोज आठवतं ते हे वाक्य. त्याच सकाळी ज्यांच्यासमोर मी तिला बोललो होतो, त्यांतले बहुतेक तिथंच टाळ्या वाजवत होते. तिनं केलेलं नाही हे मला माझ्या डोळ्यांनी दिसलं होतं. ‘शकू, तू नव्हतीस’, असं म्हणायचं तर मग कोण होतं, तेही म्हणावं लागलं असतं. मला ते जमलं नाही. नंतर घरी सुद्धा जमलं नाही.

त्याच संध्याकाळी चहाचं पातेलं शकूनं चिमट्याशिवाय, नुसत्या हातानं गॅसवरून उतरवलं. वैशाली ओरडली. शकू म्हणाली, “काय झालं, वहिनी?” उजव्या हाताची बोटं गेली होती. हलत होती, वाकत होती, पण त्यांना कळत काहीच नव्हतं. कोल्हापुरात दाखवलं, मिरजेला दाखवलं. शिरा तपासल्या, मान तपासली, साखर तपासली. काही निघालं नाही. एक डॉक्टर म्हणाले, मनाला काही लागलंय का? मी म्हणालो, “तसं काही नाही.”

ज्या बोटांना सुई कळत नाही त्या बोटांनी शिवता येत नाही. काही दिवसांनी बायका ब्लाऊज टाकायच्या बंद झाल्या. मशीनवर पांघरूण पडलं. शकू एका ओळखीनं वारणानगरला मुलींच्या मेसमध्ये भाकऱ्या करायला गेली. जाताना मशीन नेलं नाही. मी तिला स्टँडवर सोडलं, तिच्या हातात पाण्याची बाटली दिली.

पुढची वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. गेली. सणाला ती यायची, जेवायची, जायची. सुजनी मी कपाटात ठेवली, पुन्हा कधी लावली नाही. नवं काही घेतलंही नाही. उझबेकिस्तानच्या पुढच्या खेपेला मी रुस्तमला त्या घरी न्यायला सांगितलं होतं. अंगणाचं दार बंद होतं. शेजारच्या बाईनं रुस्तमला काहीतरी सांगितलं, पण त्यानं मला ते सांगितलं नाही, नुसतं म्हणाला, “चलो साब.” मी चललो. आतापर्यंत कुणालाही न विचारता परत फिरण्यात माझा हात कुणी धरला नसता.

तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका ओळखीच्या बाईंनी त्यांच्या प्रदर्शनासाठी ती सुजनी मागितली. सोबत तिच्याविषयी चार ओळी लिहून द्या म्हणाल्या. मी लिहायला बसलो. ‘उजवीकडील फूल परंपरेनुसार अपूर्ण ठेवण्यात आले आहे’, एवढं लिहिलं आणि पुढं हात चालेना. दुसऱ्या दिवशी सुजनी पिशवीत घातली आणि वारणानगरची एसटी धरली.

शकू मेसच्या मागच्या पडवीत चुलीपुढं बसली होती. तव्यावरची भाकरी हातानं उलटत होती, हातानंच निखाऱ्यावर टाकत होती. बोटांची टोकं काळी, टणक. मला बघून म्हणाली, “आलास व्हय? बस की. वैशालीवहिनी बरी हाय?”

मी बसलो. आणि ओपाविषयी सगळं सांगितलं. रोटी, मुलगी, सुई, दिलेला शब्द. म्हणालो, “मला सांगितलं हुतं, शकू. भरू नका म्हणून. मी तुला सांगितलं न्हाय. तुझी बोटं माझ्यामुळं गेली.”

ती पीठ मळत होती. थांबली नाही.

“ते मला ठावं हुतं,” म्हणाली.

“काय ठावं हुतं?”

“भरायचं न्हाय ते. सुई तशी टोचून कुठली बाई काम टाकती? परत येऊन बसायचं असंल तरच. सुई बघूनच कळलं मला.”

“मग भरलंस कशाला?”

“तू सांगितलंस म्हणून.” मग पिठात पाणी घालत म्हणाली, “आणि मी एकटी भरत न्हवतो, दादा. वाकळ शिवताना पलीकडं एक बाई बसती न्हवं, कापड ताणून धरायला? तसं कुणीतरी पलीकडनं धरलं हुतं. पयल्या दुपारी मला वाटलं वहिनी हाय. मान वर केली तर वहिनी बाजारात गेल्याली. कापड मात्र ताणलेलंच. मी भरत हुतो आणि तिकडनं कुणीतरी वडत हुतं... रागानं न्हाय. ‘माझं हाय, दे’, असं.”

“मला का सांगितलं न्हाईस?”

“तू ऐकलं असतंस?”

मी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणालो, “माफ कर मला. बोटांसाठी.”

तिनं पहिल्यांदा हात थांबवले.

“बोटांचं काय घिऊन बसलास? बोटं गेली, भाकरी हुती की. ते न्हवं, दादा.” ती माझ्याकडं बघत नव्हती, चुलीकडं बघत होती. “तू मला चारचौघांत बोललास. त्या मंडपवाल्यानं दात काढले. मी म्हटलं, न्हाय उसवलं. नंतर तुला दिसलं की, तुझ्या डोळ्यांनी. मी तुझ्या तोंडाकडं बघत हुतो, आता म्हणंल, आता म्हणंल. आणि तू म्हणालास, कुणाला हात लावू दिला न्हाय.”

तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

“वहिनी अजून बी एखाद्या वक्ताला बघती माझ्याकडं, हिनंच केलं असंल असं. गल्लीतल्या बायकांनी माझं शिवायचं मिशन बंद केलं ते बोटांमुळं न्हाय. भावाचं काम नासवणारी, म्हणून केलं. तुला म्हाईत न्हाय ते?”

मला माहीत नव्हतं. खरं तर विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, “तू उसवलं न्हवतंस.”

“हितं सांगून काय? हितं भाकऱ्याच हायत ऐकायला. चारचौघांत बोललास, चारचौघांत सांग. माझं नाव घिऊन सांग.”

जायच्या आधी तिनं सुजनी बघायला मागितली. हात पदराला पुसून कोपरा उलगडला. सुई तिथंच होती. इतकी वर्षं कोल्हापूरच्या पावसाळ्यांत कपाटात पडलेली, पण गंज नाही. धाग्याचा लाल रंग कालचा वाटावा असा. शकूनं काळं पडलेलं बोट सुईवर ठेवलं आणि पटकन मागं घेतलं.

“गार हाय,” ती म्हणाली.

निखारा कळत नव्हता त्या बोटाला. मी पुन्हा ठेवायला सांगितलं. तिनं मान हलवली, कोपरा दुमडला आणि भाकरी थापायला घेतली.

सुजनी मी पुण्याला दिली नाही. ती आता शकूच्या वारणानगरच्या खोलीत, तिच्या ट्रंकेत आहे. बोटं तशीच आहेत. डॉक्टरांकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नाही. या वेळी मी नीट शोधलंय. गाठ, कापडाचा ताण, हवेतला ओलावा, किल्ली, वॉचमन, सगळं तपासून झालं. ते फूल कुणी उसवलं मला माहीत नाही. ते कळेल असंही आता वाटत नाही.

तिला सांगून आल्यावर हे लिहायला मला तीन वर्षं लागली. याच पानाला मी हसायचो. राजारामपुरीतल्या पुष्कळ घरांत हे सदर वाचलं जातं, म्हणून इथंच लिहितोय. त्या दिवशी दसरा चौकाजवळच्या सभागृहात जे हजर होते त्यांच्यासाठी, मंडपवाल्यासाठी, गल्लीतल्या बायकांसाठी, आणि वैशाली, तुझ्यासाठीही:

माझी बहीण शकुंतला हिनं ते फूल उसवलं नव्हतं. ती माझ्यासमोर, पहिल्या रांगेत, हात मांडीवर ठेवून बसली होती. मी बघत होतो.